ऐकलंत का, तो खालच्या व्हर्जनवर गेला!

हे कुणाजवळ बोलू नका, पण जालन्यात सध्या नवंच थेर चालू आहे. चांगल्या घरची, शिकलेली, कमावती पोरं मागं जायलीत. अभ्यासात नाही, धंद्यात नाही, व्हर्जनमध्ये! लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारा एक पोरगा दिवाळीत ‘आपल्याकडं लेटेस्ट हाय दादा’ म्हणून मिरवत होता. तोच परवा रात्री शटर अर्धं खाली ओढून, नेटची वायर उपटून, पेनड्राइव्हवरून चार वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर परत चढवताना दिसला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सकाळच्या पहिल्या चहाला बातमी अंबड चौफुलीवर, दुसऱ्या चहाला भोकरदन नाक्यावर. तो खालच्या व्हर्जनवर गेला!

शिव शिव शिव.

एकटाच गेला असता तर पोराचे ग्रह फिरले म्हणून सोडून दिलं असतं. पण साथ आहे ही. आज एक गेला, उद्या त्याचा मावसभाऊ जाणार, परवा परतूर-मंठ्याकडचे जाणार. कुणाची कुणाला भीड राहिली नाही.

बरं, घडावं कुठं? जालन्यात! ‘जालना सोने का पालना’ अशी ज्याची ख्याती, त्या गावात. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन जिल्हा झाला, तेव्हापासून हे गाव मान वर करून पुढंच बघतं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली आणि संकरित वाणाची गोडी देशभरच्या शेतकऱ्यांना लावली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, तो आमच्या जिल्ह्यातूनच गेला. पुढच्या वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईची वंदे भारत जालन्याहून सुटली. सळई, बियाणं, मोसंबी, रस्ता, रेल्वे, सगळं पुढं. आणि हे मिक्सिंगवाले? तोंड नव्या जालन्याकडं, पाय जुन्या जालन्याकडं, आणि मधे बिचारी कुंडलिका!

यांच्यात आता प्रतिष्ठेची चढणही उलटी लागलीय. पूर्वी ज्याचं व्हर्जन नवं त्याचा रुबाब. आता चार जण लॉन्सच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या आडोशाला जमले की एकजण हळूच विचारतो, ‘तुझ्याकडं कितवं?’ दुसरा इकडंतिकडं बघून सांगतो, ‘साडेसहा.’ बाकीच्यांच्या भुवया वर. ‘अजून चालतंय?’ ‘चालतंय काय, पळतंय!’ मग त्या साडेसहावाल्याला पहिला चहा मिळतो आणि ज्याच्याकडं ताजं व्हर्जन आहे तो मान खाली घालून कॅमेऱ्याची बॅटरी बदलत बसतो.

साडेसहा म्हणजे एडियस. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये आपल्याकडं या नावाला फार मान. मूळ हे जपानातल्या कोबेच्या कॅनोपस कंपनीचं लेकरू. २००५ च्या सुमारास थॉमसननं कॅनोपस घेतली आणि एडियस ग्रास व्हॅलीच्या घरात नांदायला गेलं. तिथं त्याची चांगली भरभराट झाली. पण २०१३ साली सातवं व्हर्जन आलं ते पूर्ण ६४ बिटी होऊन, आणि जुने ३२ बिटी प्लगइन उंबऱ्यातच अडले. आता तुम्ही म्हणाल, अडले तर अडले, एवढं काय? अहो, त्या काळातल्या लग्नाच्या व्हिडिओचं निम्मं वैभव प्लगइनात असायचं! नवरा-नवरी चंद्रकोरीवर बसणार, कमळातून उगवणार, पान उलटलं की ताजमहालासमोर उभी राहणार, आणि कडेनं बदामाचे आकार उडणार. मामानं नवरीला मांडवात आणायचं आणि प्लगइननं तिला ढगात न्यायचं, अशी कामाची वाटणी होती. ते ढगच बंद पडल्यावर पोरांनी काय करावं? गेली परत साडेसहावर.

त्यातून तयार ‘प्रोजेक्ट’ नावाची भानगड वेगळीच. गाणं कापून, इफेक्ट लावून, फोटोच्या जागा मोकळ्या ठेवून बनवलेले साचे विकत मिळतात. फक्त नवरदेव बदलायचा. हळदीचं वेगळं, परण्याचं वेगळं, पाठवणीचं वेगळं. पण साचा ज्या व्हर्जनचा, त्याच व्हर्जनवर तो नीट बसतो. चार वर्षं पैसे टाकून हार्ड डिस्क भरून साचे जमवायचे आणि एका अपडेटनं ते मुके व्हायचे, हे कुणाला परवडेल? तरी लोक म्हणतात, पोरं जुनाट आहेत.

एका टेबलावर तर मी स्वतः बघितलं. सीपीयूला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं लिहिलेलं: ‘अपडेट मारू नये.’ खाली लहान अक्षरात, ‘भावानं सुद्धा.’ घरात किती विश्वास उडालाय बघा.

या सगळ्यात मला खरा संशय आहे तो ऑक्टोबर महिन्यावर. लक्ष देऊन ऐका. आपल्याकडं आषाढीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. तुळशीचं लग्न लागलं की सीझनचं कुलूप उघडतं. मग सनई, ड्रोन, मांडवाबाहेर डीजे, पत्रिकेत साडेबाराचा मुहूर्त आणि प्रत्यक्षात अक्षता अडीचला. मिक्सिंगवाल्याला तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत मान वर करायला सवड नसते. आणि अडोबी आपल्या प्रीमियर या मिक्सिंगच्याच सॉफ्टवेअरचं मोठं व्हर्जन बहुतेक कधी काढते? ऑक्टोबरात. २०२१ ला ऑक्टोबर, २०२२ ला ऑक्टोबर, २०२४ ला पुन्हा ऑक्टोबर. ॲपलनं ३२ बिटी प्रोग्रॅमांना घराबाहेर काढणारं कॅटलिना हे मॅकचं व्हर्जन सोडलं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मदतीचा हात काढून घेतला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला. बरोब्बर देव उठायच्या तोंडावर! दसऱ्याला मशीनची पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा, आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच मशीननं कोपऱ्यात निळं बटण दाखवून म्हणायचं, ‘अपडेट उपलब्ध.’ चातुर्मासाचे चार महिने पोरं रिकामी बसलेली असतात, तेव्हा कुणाला सुचत नाही. अमेरिकेत कुणाकडं दाते पंचांग नाही का?

आणि ते बटण दाबलं की काय होतं तेही ऐका, म्हणजे आपली पोरं किती भोळी ते कळेल. खिडकी उघडते. खाली ‘अधिक पर्याय’ असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. त्यात दोन चौकोन. जुन्या सेटिंग आणू का? बरोबरची खूण. जुनं व्हर्जन काढून टाकू का? इथंही बरोबरची खूण आधीच केलेली. आता सांगा, पहाटे तीनला रेंडर लावून झोपेनं डोळे जड झालेला पोरगा ती खूण काढायला थांबेल? तो ‘हो हो’ करत सुटतो. सकाळी उठतो तर जुनं गेलेलं, नव्याला ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर नको तो सापडलेला, टाइमलाइन अडखळायलीय, आणि दारात व्याही उभे. ‘काय झालं रे आमच्या सीडीचं?’ (सीडी जाऊन जमाना झाला. व्याही अजून सीडीच म्हणतात. त्यांना कुणी अपडेट करत नाही.)

‘काहून रे, परत जुनं टाकायलास?’ मी एकाला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, ‘मग काय करू मामा? नव्यात निस्तं गोल फिरायलंय. आयतवारी डिलिव्हरी हाय.’

याच्यापुढं कोणता तत्त्वज्ञ काय बोलणार?

पण माणसाला लाज असावी, असं मी म्हणणार होतो तेवढ्यात सातासमुद्रापलीकडच्या बातम्या आठवल्या आणि पदर तोंडावर घ्यायची वेळ आली. अहो, तिकडं तर मोठमोठ्यांनी ताळतंत्र सोडलंय! २०११ च्या जूनमध्ये ॲपलनं फायनल कट प्रो एक्स काढलं. नवंकोरं, सगळं पहिल्यापासून लिहिलेलं. फक्त त्यात फायनल कट प्रो ७ चे जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते. एवढीच किरकोळ गोष्ट. व्यावसायिक एडिटर इतके खवळले की सह्यांची मोहीम निघाली, टीव्हीवर त्याची टिंगल झाली, आणि त्याच सप्टेंबरपर्यंत ॲपलला बंद केलेलं जुनं पुन्हा विकायला काढावं लागलं. तेही दुकानाच्या फळीवर न मांडता, फोन करून मागेल त्याला! एवढ्या श्रीमंत कंपनीनं चोरून-लपून जुना माल विकायचा, म्हणजे काय राहिलं?

आणि कळस ऐका. २०२० च्या फेब्रुवारीत ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटानं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं, एकूण चार बाहुल्या उचलल्या. संकलनाचंही नामांकन होतं. संकलक यांग जिन-मो यांनी तो कशावर कापला? फायनल कट प्रो ७ वर! जे २००९ साली आलं, जे ॲपलनं सोडून दिलं, जे कॅटलिनावर चालतच नाही, त्या म्हाताऱ्यावर. जालन्याच्या पोराला आपण नाकं मुरडायची आणि तिकडं त्याच पापाला टाळ्या. न्याय म्हणतात तो हाच का?

प्रीमियरवाल्यांची कथा आणखी गुंतागुंतीची, कारण तिथं पैशाचा संबंध आहे आणि पैशाचा संबंध आला की चर्चेला फोडणी बसते. २०१२ चं सीएस सिक्स हे शेवटचं, जे एकदा विकत घेतलं की तुमचं. २०१३ पासून अडोबीनं भाडं सुरू केलं. दरमहा द्या, वर्षाचं द्या, पण द्या. त्यामुळं ज्याच्याकडं सीएस सिक्सची खरी डबी आहे त्याला या व्यवसायात जुन्या वाड्याच्या मालकासारखा भाव आहे. बाकीच्यांकडं जे सीएस सिक्स आहे ते कुठून आलं हे विचारू नये. मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

भाडेकरूला तरी मनासारखं मागं जाता येतं का? येतं, पण दोरी आखूड आहे. अडोबी चालू व्हर्जन आणि त्याच्या मागचं एक मोठं व्हर्जन उतरवून घेऊ देते. त्याच्या मागं जायचं तर दार बंद. मे २०१९ मध्ये तर काही ग्राहकांना पत्रंच गेली: जुनी व्हर्जनं वापरायचा परवाना आता तुमच्याकडं नाही, वापरत राहिलात तर तिसराच कुणी दावा ठोकू शकतो. नियमानं भाडं भरणाऱ्याला ही नोटीस! ज्यानं कधी छदाम भरला नाही तो मात्र निवांत, त्याला पत्र पाठवायला पत्ताच नाही.

आणि आकड्यांचा घोळ? प्रीमियर १३, १४, १५ असं सरळ चाललं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरात पंधराच्या पुढं एकदम बावीस! मधले सोळा ते एकवीस कुठं गेले? कुणी पळवले? वर्षाशी आकडा जुळावा म्हणून उडी मारली म्हणे. म्हणजे यांनी एका रात्रीत सहा पायऱ्या गाळून वर उडी मारली तर ते प्रगत, आणि आपला पोरगा दोन पायऱ्या खाली उतरला तर तो वाया गेला.

आता थोडं चोरीचं बोलू. मोठ्या व्हर्जनमध्ये बनवलेला प्रीमियरचा प्रोजेक्ट लहान व्हर्जनमध्ये उघडत नाही. उघडायला गेलं की निरोप येतो, हा नव्या व्हर्जनमध्ये साठवलाय, इथं उघडणार नाही. पण आमच्याकडं यावर औषध आहे आणि ते इतकं सोपं आहे की सांगताना ओशाळल्यासारखं होतं. प्रोजेक्टची फाइल म्हणजे आत दाबून भरलेला साधा मजकूर. तिची एक नक्कल काढायची. सेव्हन-झिपनं ती उलगडायची. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली की एक्सएमएलच्या ओळीच ओळी, नजर फिरते. घाबरायचं नाही. अगदी वरच्या भागात, जिथं ‘प्रोजेक्ट’ शब्द आहे त्या ओळीत, ‘व्हर्जन’ म्हणून एक आकडा असतो. तो खोडायचा, तिथं एक लिहायचा, साठवायचा, बंद करायचा. आता तीच फाइल जुन्या प्रीमियरला दाखवली की तो म्हणतो, या या, तुम्ही तर फारच जुने दिसता, तुम्हाला बदलून घेतो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख पुढंमागं करून नोकरीला चिकटलेले जसे असतात, तसा हा प्रोजेक्ट वय चोरून कामाला लागतो. नव्या व्हर्जनमधला एखादा खास इफेक्ट गळून पडतो, पण कापाकापी आणि गाणं जागच्या जागी.

डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग करणाऱ्यांना एवढी सोय नाही. तिथं प्रोजेक्ट डेटाबेसात राहतात. नवं डाविंची पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं, डेटाबेस अपग्रेड करू का? हो म्हटलं की जुन्याच्या हातून तो गेला. म्हणून शहाणे आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवतात. बाकीचे नंतर रडतात आणि मग शहाणे होतात.

तुम्हाला वाटेल, या रडण्यात दम नाही, पोरांना बदल नकोय, झालं. तसं नाही हो. २०१८ मध्ये अमेरिकेत एका व्हिडिओग्राफरनं अडोबीवर दावा लावला. त्याचं म्हणणं, प्रीमियरच्या २०१७ सालच्या व्हर्जनमध्ये कॅशे साफ करायला गेलो तर मूळ चित्रीकरणच पुसलं गेलं, नुकसान अडीच लाख डॉलरचं. अडोबीनं पुढच्या छोट्या अपडेटमध्ये ती साफसफाई आवरती घेतली. पण पुसलं गेलेलं परत कुठून येणार? लग्नाचं तर रिटेक नसतंच. मंगळसूत्र गळ्यात पडलं ते पडलं. पुन्हा घालायला भटजी थांबत नाहीत, जेवणाची पंगत तर मुळीच थांबत नाही.

आता नव्याच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फी चर्चेचा ठपका येईल. मराठी नावं! जुन्या व्हर्जनमध्ये युनिकोडनं नाव टाइप करा आणि मजा बघा. ‘चि.’ची वेलांटी च सोडून पुढं पळते. ‘ज्ञानेश्वरी’चे तुकडे होऊन मधे मोकळे पाय लोंबायला लागतात. नवरीकडच्या काकांचं नाव पडद्यावर असं फुटलेलं दिसलं की सोयरीकच मोडायची वेळ. म्हणून वर्षानुवर्षं सगळा कारभार पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर चालला. ती अक्षरं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उतरतात. फक्त तो फाँट ज्या मशीनवर नाही तिथं ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी चिन्हांची दंगल दिसते. नव्या प्रीमियरमध्ये सेटिंगच्या ग्राफिक्स पानावर दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडला की जोडाक्षरं शहाण्यासारखी जुळून येतात. हे काम नव्यानं खरंच चांगलं केलं. पण कपाळ बघा, त्याच नव्यानं जुना टायटलरच काढून टाकला. तीन वर्षांपूर्वीच्या ‘साखरपुडा’ पाट्या ज्यात बनवल्या तो डबाच घरातून गेला. पोरगा पुन्हा खाली उतरला.

दुसरं कौतुक करायचं तर कॅमेऱ्यांचं करावं लागेल, कारण तेच या मागं जाणाऱ्यांना कान धरून पुढं ओढतात. सीएस सिक्सला एचईव्हीसी नावाचा प्रकार माहीतच नाही. २०१२ नंतर जग काय शिकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि नवरदेवाचा पुण्यात नोकरीला असलेला मित्र परण्यातला सगळा नाच आयफोनवर काढून आणतो, जो २०१७ पासून मुळात एचईव्हीसीतच चित्रित करतो. मग ते फुटेज आधी हँडब्रेकमधून काढा, तासभर थांबा, मग घ्या. मोबाइलचं फुटेज सेकंदाला कधी तीस चित्रं तर कधी अठ्ठावीस. जुनं सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं आणि आवाज हळूहळू मागं राहतो. एका व्हिडिओत अक्षता पडून, हार घालून, लोक जेवायला उठले तरी भटजींचं ‘सावधान’ यायचं होतं. सावध व्हायला उशीरच झाला म्हणायचा.

मोठ्यांचं हे, तर मोबाइलवाल्या पोरांची तऱ्हाच न्यारी. ही दहावी-बारावीतली मंडळी. यांचा धंदा म्हणजे ‘भाऊंचा वाढदिवस’, स्टेटसचे तीस सेकंद, मागं धूर, पुढं गॉगल, मधून निघणारी भगवी किंवा निळी अक्षरं. जून २०२० मध्ये सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉक तर गेलंच, त्यासोबत व्हिवा व्हिडिओही गेलं. पोरांनी दोन दिवस सुतक पाळलं आणि किनेमास्टर, अलाइट मोशनकडं वळली. आणि तिथंही तोच चाळा! ‘जुनं एपीके दे ना.’ का रे? तर नव्यात पैसे मागतं, नव्यात कोपऱ्यात कंपनीचं नाव येतं, नव्यात माझा प्रीसेट चालत नाही. आता अँड्रॉइडचा कायदा असा की नव्या ॲपवर जुनं चढत नाही, आधी नवं काढावं लागतं. आणि नवं काढलं की त्याच्या पोटातले प्रोजेक्टही जातात. भाऊंचा वाढदिवस उद्या, आणि भाऊ आज उडाले! त्या पोराच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, कल्पना करवत नाही.

फुकटच्या जुन्या व्हर्जनचा शोध कुठल्या कुठल्या गल्लीत नेतो तेही सांगून ठेवतात जुनी जाणती माणसं. क्रॅकच्या नावाखाली येणारे पाहुणे साधे नसतात. स्टॉप-डेजाव्हू नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरलं. सकाळी मशीन उघडावी तर प्रत्येक फाइलच्या शेवटी अनोळखी शेपूट आणि एक चिठ्ठी: पैसे द्या. एका सीझनची सगळी लग्नं कुलूपबंद. म्हणून व्हर्जन उतरवायचंच असेल तर ते कुलीन मार्गानं उतरवा. स्वतः विकत घेतलेल्या किंवा भाड्याच्या सॉफ्टवेअरमधून, कंपनीच्या अधिकृत यादीतून. पेनड्राइव्हवर मित्राकडून मिळालेलं ‘फुल व्हर्जन’ हे बहुतेकदा मित्राचं नसतंच.

आता निकाल. चर्चा झाली, नाकं मुरडून झाली, निकाल द्यायलाच हवा. माझं मत विचाराल तर पोरांना निर्दोष सोडावं. ज्याच्या अंगावर आयतवारची डिलिव्हरी आहे, त्यानं शनिवारी रात्री कोणतं व्हर्जन वापरावं हे सॅन होजेत बसून ठरवायचा कुणाला अधिकार नाही. चालत्या सीझनमध्ये मागं जाणं यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर ती जुनं दार गुपचूप बंद करणाऱ्यांना वाटावी. मात्र जे केवळ ‘आपलं जुनं भारी’ म्हणत, कारण नसताना, नवं उघडूनही न बघता साडेसहाला कवटाळून बसलेत, त्यांना माफी नाही. अपडेट करायचं ते आषाढीनंतर करा. देव झोपलेत, लग्नं नाहीत, लॉन्सला कुलपं आहेत. एका जुन्या लग्नाचा प्रोजेक्ट घेऊन त्यावर नवं व्हर्जन चालवून बघा, जुन्याचा इन्स्टॉलर आणि डेटाबेस वेगळ्या डिस्कवर ठेवा. कार्तिकीपर्यंत पटलं तर ठीक, नाहीतर खाली उतरा आणि तुळशीच्या लग्नानंतर बटणाकडं ढुंकूनही बघू नका.

राहता राहिले तुम्ही, वाचक. तुमच्या लग्नाचा प्रोजेक्ट ज्या व्हर्जनमध्ये बनला ते आता कुणा एका जुन्या मशीनवर शेवटचे दिवस मोजत असेल. ती मशीन गेली की त्यात एक नावसुद्धा दुरुस्त करून मिळणार नाही. रेंडर झालेली फाइल मात्र कुठल्याही व्हर्जनशिवाय चालते. तेव्हा ज्यांचं लग्न होऊन वर्ष उलटलं, बारसंही झालं आणि व्हिडिओ अजून मिक्सिंगवाल्याच्याच कपाटात आहे, त्यांनी या आठवड्यात जाऊन तो घेऊन यावा. जाताना एक रिकामी हार्ड डिस्क न्यावी, आणि राहिलेले पैसेही.